मेहुण्याच्या हातातला दोर

उंच कड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचे एक गाव होते. आग्या मोहोळे कड्याच्या मधोमध लागत. मध काढणारा दोराला लटकून खाली उतरे. वर एक माणूस, झाडाला वेढा दिलेल्या त्या दोराचे टोक हातात धरून बसे. हा माणूस मध काढणाऱ्याच्या बायकोचा भाऊच असायचा. सख्खा भाऊ वाटणीपायी एखादे वेळी दोर सोडील, पण आपली बहीण विधवा व्हावी असे कोणत्या भावाला वाटेल? असा गावाचा विचार होता.

धावजीचा दोर हैबती धरी. हैबती हा धावजीच्या बायकोचा, चांगुणेचा, धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. एका वर्षी दोर ओढून ओढून हैबतीचा खांदा धरला. कोणीतरी त्याला अफूची गोळी दिली. खांदा बरा झाला. गोळी चालूच राहिली.

एका दुपारी चांगुणा ओढ्यावर गेली. हैबती काठावर बसला होता. डोळे उघडे होते. त्याच्यापासून हातभर अंतरावर तिचे करडू पाण्यात बुडून मेले होते. त्याला पत्ताच नव्हता.

"हैबती, कधीपासून घेतोस?"

तो रडू लागला. "तायडे, आजपासून बंद. तुझ्या गळ्याची आण. पण दाजींना सांगू नको. पंच माझ्याकडून दोर काढून घेतील. मग मला मुलगी कोण देईल?"

चांगुणेने करडू पुरले. नवऱ्याला सांगितले, लांडग्याने नेले.

पुढे मधाचा हंगाम आला. घरातून निघताना धावजीने विचारले, "तुझा भाऊ हल्ली फार पेंगतो. धरील ना नीट?"

"उन्हाने पेंगत असेल," ती म्हणाली. "तुम्हाला आपली उगाच शंका."

कड्यावर हैबतीने धावजीच्या कमरेला दोर बांधला. "दाजी, यंदा पोट सुटलंय तुमचं. दोर करकरतोय."

"खायला तुझी बहीण घालते. तक्रार तिच्याकडे कर." हसत हसत धावजी कड्याखाली उतरला.

ओढ्यावरची आण हैबतीने केव्हाच मोडली होती, पण दोर धरायचा म्हणून या वेळी ती खरोखरच पाळली होती. दोन दिवस. त्यामुळे त्याचे हात कापत होते, अंगाला घाम सुटला होता. दोर नीट धरता यावा एवढ्यासाठीच त्याने एक गोळी तोंडात टाकली. हात कापायचे थांबले. मग बोटे सैल झाली. खालून धावजीने वर ओढण्याची खूण म्हणून दोन हिसके दिले. हैबतीला ते जाणवले. त्याला वाटले, ओढू, घाई काय आहे. दोर झाडाभोवतून सरसरत निघून गेला.

पंचांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मी धरला होता." त्याला तसेच आठवत होते.

चांगुणा पुढे झाली. "त्याला काय विचारता? ह्यांनी मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

हैबतीने बहिणीचे पाय धरले, पुन्हा आण घेतली. आणि दुःख सोसवेना म्हणून त्याच संध्याकाळी आणखी एक गोळी घेतली.

तात्पर्य: व्यसनी माणूस शपथ मनापासून घेतो, पण ती पाळण्याइतका तो स्वतःचा उरलेला नसतो. त्याचे व्यसन झाकणारी माया त्याला वाचवत नाही, आणखी एकाला घेऊन जाते.