पळते पाऊल

बापबोडीच्या पाळीवर, जुन्या मोरीपासून बऱ्याच अंतरावर, एक काळा सपाट दगड आहे. त्यावर दोन पावले कोरलेली आहेत. एक टेकडीकडे तोंड करून, दुसरे उलटे, मोरीकडे. दोन्ही एकाच माणसाची, पण सारखी नाहीत. टेकडीकडे जाणारे पाऊल खोल आहे, परत येणारे उथळ.

बोडी म्हणजे इकडचा लहान तलाव, पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध आणि मोरी म्हणजे बांधातून पाणी सोडायची वाट. वैशाखात अवकाळीची झड लागली आणि बोडीत पाणी चढले, की या दगडावर गावातला एखादा तरणा माणूस भिजत बसलेला दिसतो. त्याच्या घरी नुकतेच मूल झालेले असते. तो पाण्यावरच्या पाखरांकडे पाहत असतो आणि कोणाशी बोलत नाही.

दुर्बिणी घेऊन आलेल्या शहरी मंडळींना यंदा त्याचे नवल वाटले. दगडावरून पाणी चांगले दिसेल म्हणून ती तिकडे वळली, तेव्हा डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या भागरताबाईंनी हात आडवा केला.

"थांबा बाप्पा. तो बसला हाये. त्याचं पाहून होऊ द्या."

"तोही पक्षी बघतोय?"

"मंग! आमच्या गावात तुमच्या आधीपासून पाहतेत," म्हातारी म्हणाली. "पन हौसेनं नाई."

आणि मोहाच्या झाडाखाली, पाऊस गळत असताना, तिने ही गोष्ट सांगितली.

फार जुने दिवस. तेव्हा या बोडीला बापबोडी म्हणत नसत, आणि त्या पाखराचे नावही वेगळे होते. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारे, पांढऱ्या पंखांचे, मानेवर सोनेरी पट्टा आणि कोयत्यासारखी वाकडी शेपटी असलेले पाखरू. पुस्तकात त्याला कमळपक्षी म्हणतात. त्याची रीत उलटी. मादी अंडी घालते आणि दुसरा जोडीदार शोधायला निघून जाते. अंडी उबवायची, पिल्ले वाढवायची ती नराने. गावातल्या बाप्यांना याची भारी गंमत वाटे. त्यांनी त्याचे नाव ठेवले होते घरबशा.

सगळ्यांत मोठ्याने हसे तो उरकुडा. त्याच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून आईने त्याला उकिरड्यावर, इकडच्या बोलीत उरकुड्यावर, ठेवून पुन्हा उचलले होते आणि तेच नाव दिले होते. अशा पोराला मृत्यू शिवत नाही म्हणतात. मोठेपणी पाळीची राखण आणि मोरीची उघडझाप त्याच्याकडे आली. आवाज खडा, जीभ तिखट. बायकी आवाज काढून तो निघून जाणाऱ्या मादीची नक्कल करी: "बस इथंच अंड्यांवर, मी चालली बाजारात!" आणि सारी पाळ हसून लोटपोट होई.

त्याची बायको पार्बता. तिला मुलगी झाली, पण उरकुड्याने ती कधी उचलली नाही. तान्हे पोर हातात घेणे हे बाप्याचे काम आहे, असे तेव्हा कोणालाच वाटत नसे.

त्या वर्षी वैशाखात आभाळ फिरले, म्हणे. ऊन तापायच्या दिवसांत पाऊस कोसळू लागला आणि आटत आलेली बोडी काठोकाठ भरली. पावसाळाच आला असे समजून पाखरे फसली. घरबशाही फसला. दगडापासून जवळच, शेवाळाच्या तरंगत्या गादीवर तो अंडी घेऊन बसला.

मोहाच्या बिया भिजून कुजायच्या आत वेचायला हव्या होत्या, वर्षाचे तेल त्यांवरच निघायचे. पार्बतेने मुलीला पाजले, मोरीजवळच्या मोहाला झोळी बांधली, वर शिंदीची चटई आडवी टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "जागी झाली त झोका द्याल. मी आलीच."

उरकुडा झोका देत बसला. पाळीवरच, मोरी आणि या दगडाच्या मधल्या मांडवाखाली, त्याचे सोबती चिलीम ओढत होते. त्यांतल्या कवडूने हाक घातली, "काय गा उरकुडा! घरबशा झाला का आता?"

दुसरा म्हणाला, "अंडी ऊबले का नाई पाहून घे एकदा!"

तोच शब्द, ज्यावर त्याने गावाला इतके हसवले होते. उरकुड्याचे कान लाल झाले. त्याने झोळीची दोरी सोडली आणि मांडवाकडे चालू लागला.

इथे भागरताबाई थांबल्या. "लाज त सगळ्याइलेच येते," त्या म्हणाल्या. "पन कुठी येते ते पाहा. त्याले लाज आली ते पोरीजवळ बसाची."

चिलीम हातोहात फिरली. वरचा नाला फुगून बोडीत शिरला होता, पाणी पाळीच्या माथ्याशी आले होते, आणि हे पाहणे ज्याचे काम तो पाण्याकडे पाठ करून बसला होता. मग मोरीकडून असा आवाज आला, जणू कोणी जाडे कापड टरकावले. कोणीतरी ओरडले, "पाळ फुटली!"

सारे टेकडीकडे धावले. वाट पाळीवरूनच होती. उरकुडाही धावला. मागून मुलीचे रडणे आले. ते त्याला ऐकू आले, आणि ते काय आहे हेही त्याला कळले. पण पाय थांबले नाहीत.

दगडाशी त्याला ठेच लागली. तो तोंडावर पडला. डोके वर केले तर समोर पाणी होते, आणि पाण्यात घरबशा.

फुटीकडच्या ओढीने गादी फाटून बुडत चालली होती. पाखराने एक अंडे चोच आणि छातीच्या मध्ये धरले होते आणि ते उलट्या पावलांनी मागे मागे सरकत होते. पान बुडे, ते दुसऱ्या पानावर जाई, पण अंडे सोडीत नसे. ते त्याने उंच गवताच्या झुपक्यावर नेऊन ठेवले. मग उडून सुटायचे सोडून ते पुन्हा बुडत्या गादीकडे आले. दुसऱ्या अंड्यासाठी.

उरकुडा उठला आणि उलटा धावला.

मोरीजवळ मोह नव्हता. पाळीचा तेवढा कोपराच पाण्याने नेला होता. झोळी नव्हती. तो चिखलात उतरला, झुडपे चाचपली, ओरडून पाहिले. पण मुलीचे बारसे व्हायचे होते. तिला हाक मारायला नाव नव्हते.

पाणी उतरल्यावर तो गावात आला तो देवीच्या चौथऱ्यावर सारे गाव जमलेले. मध्ये पार्बता बसली होती आणि तिच्या पदराखाली मुलगी होती. रानात पावसाने गाठल्यामुळे ती अर्ध्या वाटेतून परतली होती. झोळीशी कोणी नाही हे पाहून तिने पोर उचलले आणि पलीकडच्या उतारावरून गाव गाठले. मोह त्यानंतर पडला.

उरकुडा उभा राहिला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. कवडूच पुढे झाला. "पार्बता, तुवा नवरा पोरीलेच शोधत होता वो. आमी पायलं ना!" बाकीच्यांनी माना हलवल्या. पळाले सगळेच होते, एकाची लाज झाकली की सगळ्यांची झाकणार होती. उरकुड्याने नुसती मान हलवायची होती. पाऊस होता, चिखल होता, कोणी काय पाहिले हे कोण सांगणार? मान हलवावी असे त्याला फार वाटले, म्हणे.

पार्बतेने विचारले, "कुठी होते तुमी?"

"पळालो," उरकुडा म्हणाला. "तिचा आवाज आला. तरी पळालो."

कवडूने सावरायला पाहिले. "पन फिरला ना गा तू मागं?"

"मी नाई फिरलो. गोट्यानं पाडलं."

त्याने मुलीकडे हात नेले. पार्बतेने पदर ओढून घेतला. साऱ्या गावादेखत, देवीसमोर. त्याचे हात तसेच पुढे राहिले, आणि ते खाली कसे घ्यावे हे त्याला कळेना.

गावाने दगड, काटक्या, माती घालून पाळ बुजवली. उरकुडा सर्वांआधी माती वाही आणि काम संपले की घरी न जाता दगडावर जाऊन बसे. झड चालूच होती. माणसांकडे पाहवत नव्हते, म्हणून तो पाखराकडे पाहू लागला. आमच्या गावातले पाखरू पाहणे असे सुरू झाले, भागरताबाई म्हणाल्या.

ज्याची त्याने जन्मभर टिंगल केली, ते पाखरू त्याने तोवर पाहिलेच नव्हते. पाऊस वाढला की ते पंख किंचित पसरून अंड्यांवर छप्पर करी. चोचीने अंडी फिरवी. आपल्याहून मोठी पाणकोंबडी जवळ आली तर अंगावर धावून जाई. मग पिल्ले निघाली. एकदा वर घार फिरू लागली, तर त्याने पिल्ले दोन्ही पंखांखाली दाबून धरली आणि ते चालू लागले. पंखांखालून पिल्लांचे लांब पाय लोंबत होते. बापाला नको तितके पाय फुटल्यासारखे दिसत होते. उरकुड्याला हसू आले. मग आपण आजवर कशाला हसत होतो ते त्याला आठवले, आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातले.

त्याच वेळी सोबती पाळीवरून चालले होते. कवडू म्हणाला, "चाल ना घरी! त्या घरबशाले पाहून पाहून तूबी घरबशा होशील."

उरकुडा उठून उभा राहिला. "त्याले त्या नावानं बोलू नोका," तो म्हणाला. "हे नाव मीच गावभर केलं. पन तो बसला, अन् मी पळालो. मले काय म्हनाचं ते म्हना. त्याले बाप म्हना."

कोणी हसले नाही. पाळीखाली पार्बता घागर भरायला आली होती, मुलगी पदराने छातीशी बांधलेली होती. तिने हे ऐकले. ती घागर तिथेच ठेवून वर आली, त्याच्यापुढे उभी राहिली आणि एवढेच म्हणाली,

"धरा. मानेखाली हात द्या."

त्याला धरता येईना. तिने त्याचा तळवा धरून मुलीच्या मानेखाली सरकवला. तेव्हापासून ते पाखरू बापपाखरू झाले आणि ही बोडी बापबोडी.

पुढे उरकुडा म्हातारा झाला. त्याच्या परतण्याची आठवण राहावी म्हणून गावाने दगडावर त्याचे परतीचे पाऊल कोरायचे ठरवले. पाथरवट आला. उरकुडा म्हणाला, आधी पळते कोर. लोकांनी समजावले, ते कशाला? तो ऐकेना. पाथरवटाशेजारी बसून राहिला आणि म्हणाला, "आनखी खोल कोर. पळताना जोर जास्त होता."

गोष्ट संपली. एवढ्यात पाळीखालून एक तरणी बाई वर आली. डोईवर प्लास्टिकचा कागद, कुशीत दुपट्यात गुंडाळलेले मूल. दगडावरचा माणूस घाईने उठला. ती म्हणाली, "धरा. मानेखाली हात द्या." त्याने मूल घेतले, आणि दोघे गावाकडे निघाली. पाहुण्यांनी दुर्बिणी खाली केल्या होत्या.

त्यांच्यातला एकजण दगडाजवळ गेला. थोडा वेळ घुटमळून त्याने बूट काढला आणि खोल पावलात पाय ठेवून पाहिला. तो नेमका बसला. त्याने चमकून म्हातारीकडे पाहिले.

"बसते," भागरताबाई म्हणाल्या. "कोनाचाबी बसते."

आजही झड लागली की पाणी आधी त्या पळत्या पावलात साठते. ते भरून वाहू लागले, की मगच परतीच्या पावलात उतरते.