दातदुख्या वाघ आणि भागोजी

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात भागोजी नावाचा एक भोळा माणूस होता. ‘थांब जरा’ म्हणून कुणी विसरलं, तर हा संध्याकाळपर्यंत तिथेच उभा.

त्याच्या चुलतभावाची, शिवरामदादांची, छोटीशी नाटक मंडळी होती. गोष्टीच्या पुस्तकातल्या दातदुख्या वाघाचं त्यांनी नाटक केलं होतं आणि गावोगावच्या शाळांत ते त्याचे प्रयोग करत. दादा वाघ, वहिनी उंदीर, भागोजी पडद्यामागे.

पहिल्या गावात दादा वाक्य विसरले. भागोजी वही धरून गप्प बसला.

“अहो भावजी,” वहिनी म्हणाल्या, “कुणी अडखळलं की मागून पुढचं वाक्य सांगायचं.”

“बरं वहिनी.”

दुसऱ्या गावात हेडमास्तर भाषणाला उभे राहिले. “आज आपल्या शाळेत... शाळेत...” म्हणून अडखळले. भागोजीने मागून वहीतलं वाघाचं वाक्य सांगितलं, “मी तुम्हाला कच्चं खाईन!” हेडमास्तर गडबडीत तेच बोलून गेले. अख्खी पहिली उठून घरी पळाली.

वहिनींनी कपाळावर हात मारला. “पाहुण्यांना वाक्यं सांगतात का? त्यांचं लांबलं तर गुपचूप पडदा पाडायचा.”

“बरं वहिनी.”

तिसऱ्या गावात वाघाचं रडणं लांबलं. दादांनी जीव ओतला होता, आयाबाया डोळे पुसत होत्या. भागोजीने पडदा पाडला, तोही थेट दादांच्या डोक्यावर. पडद्यात गुरफटलेला वाघ डरकाळ्या फोडू लागला, तशी पोरांनी भोकाड पसरलं.

“काय करू या माणसाचं! अहो, पोरं वाघाला घाबरली, की त्याचा मुखवटा काढायचा आणि सांगायचं, घाबरू नका, हे आमचे दादा आहेत.”

“बरं वहिनी.”

चौथ्या गावी केंद्रप्रमुख स्वतः आले. त्यांना आवडलं तर बारा शाळांत प्रयोग, नाहीतर मंडळी बंद. वहिनी सकाळपासून देवाला हात जोडत होत्या. मला विचाराल, तर भागोजीला घरीच ठेवायला हवं होतं.

नाटक छान रंगलं. दादा पाणी प्यायला आत गेले, आणि तेवढ्यात मैदानाकडेच्या उसातून खराखुरा बिबट्या बाहेर आला. पळापळ झाली. केंद्रप्रमुख आंब्यावर चढले.

भागोजी शांतपणे पुढे गेला. अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपके दिसले. वहिनींनी नवा पोशाख शिवला असेल, असं त्याला वाटलं.

“घाबरू नका, हे आमचे दादा आहेत!” असं म्हणून त्याने बिबट्याचे दोन्ही कान धरले आणि ओढले. “दादा, घट्ट बसलाय. जरा मान वाकवता का?”

असला माणूस बिबट्याने जन्मात पाहिला नव्हता. हिसका देऊन तो उसात पळाला. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आंब्यावरून आवाज आला, “बाराही शाळांत प्रयोग करा! फक्त या वाघाला आणू नका!”

वहिनींना आनंदाने रडू आलं. भागोजीला मात्र फार वाईट वाटलं. दादांशिवाय प्रयोग कसे होणार? त्याने दादांच्या वहाणा उचलल्या आणि तो उसात शिरला.

“दादा, रुसू नका! मी समजावतो साहेबांना! चला परत!”

मागून शिवरामदादा घसा फोडून ओरडत होते, “अरे भागोजी, मी इथे आहे!”

“ऐकलंत ना, दादा?” भागोजी उसात म्हणाला. “तुमच्या जागी दुसरा माणूससुद्धा घेतला त्यांनी!”