दिवाणखान्यातली कामिनी

‘दिवाणखान्यातल्या रोपानं पाहुण्यांकडे तोंड करून उभं राहायचं, खिडकीकडे वळायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही.’ एकेकाळी एका घरात आलेल्या प्रत्येक रोपाला हे आधी ऐकवलं जाई. ऐकवणारे दोघं ज्येष्ठ होते. एक प्लास्टिकचे गुलाबराव, आणि दुसऱ्या त्यांना पोटात धरून उभ्या असलेल्या पितळी फुलदाणीकाकू.

कामिनीचं झुडूप तिथे आलं ते कळ्यांनी भरलेलं. पण अंधाऱ्या कोपऱ्यात तिची पानं पिवळी पडली आणि कळ्या न उमलताच गळू लागल्या.

“काकू, मला थोडं ऊन हवंय,” ती म्हणाली.

“अगं, चांगल्या घरातली झाडं ऊन मागत नाहीत. गुलाबरावांकडे बघ! खिडकीकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, तरी एक पाकळी गळलीय का?”

“संस्कार लागतात त्याला,” अंगावरच्या धुळीतून गुलाबराव म्हणाले.

संध्याकाळी कामिनीचं एकच फूल कसंबसं उमललं. तेवढ्यात पाहुण्या बाई आल्या. त्यांनी खोल श्वास घेतला, गुलाबरावांवर वाकल्या आणि म्हणाल्या, “वा, काय सुगंध आहे!”

बाई गेल्यावर गुलाबराव म्हणाले, “ऐकलंस ना? तेही उन्हाशिवाय!”

कामिनीनं उरलेल्या कळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्या फांद्या खिडकीकडे वळवल्या.

“फीर मागे!” काकू खणखणल्या. “पाहुण्यांना पाठ दाखवणार?”

“हो, दाखवणार. मला उमलायचंय. उद्या पाहुण्यांना वास गुलाबकाका देतील.”

काकूंनी गुलाबरावांकडे पाहिलं. गुलाबराव खाली बघत राहिले.