रंभाबायचा मचवा

कोंडवेळचा मचवा लांबूनच ओळखू येतो. बाकीच्या बंदरांतले मचवे एकाच लाकडाचे असतात. आमच्याकडच्याची एक फळी फणसाची पिवळी, तिच्या शेजारची सागाची, मध्येच एखादी आंब्याची, आणि कुठे कडी-कोयंडा काढून भोकं बुजवल्याच्या खुणा. पाहुणे विचारतात, लाकूड कमी पडलं होतं काय? तसं नाही. इथे कोणी नवा मचवा बांधायला घेतला की वाडीतल्या प्रत्येक घरातून त्याला एक फळी द्यावी लागते. मालकाला सगळं लाकूड स्वतः आणायची मुभाच नाही. का, ते मला माझ्या आज्याने सांगितलं, तसं मी तुम्हाला सांगतो.

तुम्ही तरीच्या होडीतून आलात ती खाडी पाठीमागे आणि हा समुद्र पुढे. मधल्या वाळूच्या पट्टीवर आमची वाडी. इथे माड आहेत, केवडा आहे, पण जळणाला झाड नाही. लाकूड, तांदूळ, सगळं खाडीपलीकडून होडीने येतं. तेव्हाही तसंच होतं.

शिडांचा काळ होता, पौष महिना. कोकणातली थंडी ती केवढी! एक गोधडी आणि सकाळी अंगणात शेकोटी, की भागलं. त्या वर्षी मात्र डोंगराकडून वारा सुटला आणि थांबेचना, असं सांगतात. एरवी हा वारा पहाटे येतो आणि ऊन चढलं की समुद्राकडचा वारा त्याला मागे लोटतो. त्या वर्षी समुद्राकडचा वारा आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायका विहिरीवर गेल्या, तर दगडी डोणीतल्या पाण्यावर साय धरलेली. बर्फ कोणी कधी बघितला नव्हता. एकीने बोट लावलं तशी साय कडकन मोडली, आणि तिचा तुकडा तळहातावर पाणी होऊन गेला. ती घागर तिथेच टाकून घरी पळाली म्हणे. खाडीत मासे उलटे होऊन तरंगायला लागले, पण भीतीने त्यांना कोणी हात लावला नाही. देवीला कौल लावला, तोही मिळेना.

चुली पेटत्या ठेवायच्या तर जळण हवं. नारळाची सोडणं, झापं, जुन्या टोपल्या, होतं नव्हतं ते चार दिवसांत सरलं. दोघेजण होडी घेऊन पलीकडे निघाले, ती वाऱ्याने खाडीत उलटली. कसेबसे पोहून ते परत आले आणि त्यानंतर कोणी गेलं नाही. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या पोरांना एका घरात आणून एकाच चुलीभोवती बसवलं. पण सगळ्यांच्या मनात काळजी होती ती वेगळीच. वाडीचे तीन मचवे वारा सुटायच्या आदल्या दिवशी मासेमारीला बाहेर गेले होते. चोवीस माणसं. त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं.

रंभाबायचं त्या चोविसांत कोणी नव्हतं. तिचा नवरा दोन वर्षांमागे मचव्यासकट समुद्रात गेला होता. पदरात दोन मुली. सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन ती डोंगरापलीकडच्या बाजाराला जायची. त्यातून एक एक फळी जमवत तिने नवा मचवा उभा केला होता. हरबा मेस्त्री तो बांधत होता. फटींत कापूस आणि राळ भरून झाली होती, फळ्यांना माशाचं तेल चोळून झालं होतं. पुनवेला तो पाण्यात ढकलायचा, दोन खलाशी ठेवायचे, म्हणजे मुलींना घेऊन ती बाजाराची वाट तुडवायला नको.

पाचव्या दिवशी उजाडताना माडावर चढलेल्या माणसाने हाक दिली. पार लांब तीन डोलकाठ्या दिसत होत्या. वारा समोरून, म्हणून शिडं उतरवून माणसं वल्हवत होती. सगळी वाडी किनाऱ्यावर आली. पण मचवे जवळ येताना दिसेनात. बघता बघता वाटायचं, आले! आणि डोळे पुसून बघावं तर तिथेच.

दिवस चांगला वर आल्यावर पहिला मचवा किनाऱ्याला लागला. आतल्या आठही जणांना वल्ह्यांवरून हात सोडवता येईनात. बायकांनी एक एक बोट उलगडून ते मोकळे केले. एकजण सारखा हसत होता, आणि त्याला हसू थांबवता येत नव्हतं. अंगावर गोधड्या टाकल्या तर त्याही भिजल्या. "विस्तव आणा, विस्तव!" अशी हाक गेली. चुलीतून खापरात घालून निखारे आले, मूठभर. त्यांवर घालायला काही नव्हतं.

वाळूत टेकूंवर रंभाबायचा मचवा उभा होता. कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. ज्याची त्याची नजर तिकडे जात होती आणि चोरासारखी परत येत होती. ते रंभाबायला दिसलं.

ती हरबा मेस्त्रीकडे गेली. "मेस्त्रीबाबा, कुऱ्हाड द्या."

"कशाला गो?" त्याला कळलं होतं, तरी त्याने विचारलं.

"मचवा तोडायचाय. नायतर तुम्हीच घाला पहिला घाव."

"पोरी, आपण दारं मोडू. छपरं मोडू."

"आणि आतली म्हातारी माणसं, पोरं वाऱ्यावर ठेवू? मचव्यात कोण राहत नाय, बाबा."

तिची थोरली मुलगी मचव्याला घट्ट धरून रडायला लागली. रंभाबायने तिला उचलून बाजूला ठेवलं. समजावत बसायला वेळ नव्हता. तेल प्यालेल्या फळ्या तोडून निखाऱ्यांवर घातल्या, तशा धडाडून पेटल्या. माणसांना जाळाच्या इतक्या जवळ बसवलं की त्यांच्या करपणाऱ्या केसांचा वास यायला लागला, आणि तरी रंभाबाय म्हणत होती, "अजून जवळ घ्या."

उन्हं कलताना दुसरा मचवा आला. त्यातलेही आठ जण जिवंत होते. एव्हाना रंभाबायने मचव्याच्या दोन्ही बाजू जाळात दिल्या होत्या. तळाचा अखंड सागाचा कणा तेवढा राखला होता. कणा राहिला तर त्यावर कधीतरी पुन्हा फळ्या चढतील, एवढीच तिला आशा होती.

तिसरा मचवा मात्र दिसेनासा झाला होता. जाळ बसायला लागला. दुसऱ्या मचव्याचं सुकाणू धरणारा तांडेल दात वाजवत म्हणाला, "त्यांच्यात वल्हवायला तिघंच उरलेत. म्हादू तर सकाळपासून बोलत नाय." म्हादूची बायको सावित्री शेजारीच उभी होती. ती तशीच चालत गेली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन थांबली.

मागे कोणीतरी पुटपुटलं, "ते आता कसले येतायत."

"ते दिसत नायत तोवर जाळ विझायचा नाय," रंभाबाय म्हणाली. "मेस्त्रीबाबा, कणा घ्या."

मेस्त्रीने तो आपल्या हाताने तोडला. दोन वर्षं घडवलेलं लाकूड तोडताना म्हातारा पोरासारखा रडला म्हणे.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तिसरा मचवा लागला. किनारा दिसत नव्हता, धूर बघून वल्हवत राहिलो, असं त्यातल्यांनी मागाहून सांगितलं. आठांतले सात जिवंत होते. म्हादूला शिडाच्या कापडात गुंडाळून आणलं होतं. सावित्रीने त्यालाही जाळाजवळ नेऊन ठेवलं आणि त्याचे तळवे चोळत बसली. किती तरी वेळ बसली. तिला कोणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. रंभाबायने टोपली उचलली आणि बाजाराची वाट धरली. तिने कोणाकडे काही मागितलं नाही. लोकांनाच तिच्याकडे बघवेना. ती समोरून आली की माणसं वाट बदलायची.

शिमगा झाल्यावर एका सकाळी तिच्या अंगणात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. पहिल्या मचव्यातला तो हसणारा माणूस उभा होता. आपल्या दाराची एक फळी काढून त्याने आणली होती. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. कोणी झोपाळ्याची फळी आणली, कोणी माळ्याची, एकीने पाळण्याची बाजू. हरबा मेस्त्री तणतणत होता, "असल्या लाकडाचा मचवा होत नाय रे!" आणि तणतणतच मापं घेत होता.

सगळ्यांच्या शेवटी सावित्री आली. तिच्या हातात म्हादूचा जेवायला बसायचा पाट होता. रंभाबाय मागे सरली.

"नको, सावित्री. तुझं माणूस माझ्या जाळापर्यंत जितं पोचलं नाय. तुझ्याकडून मला काय घ्यायचं नाय."

सावित्री म्हणाली, "बाकीच्यांची माणसं समोर होती तेव्हा तू फळ्या जाळल्यास. माझं माणूस दिसत पण नव्हतं, तेव्हा कणा जाळलास. मी आशा सोडली होती गो. तू नाय सोडलीस."

पाट अंगणात ठेवून ती निघून गेली.

तो कुठे बसवावा हे मेस्त्रीला कळेना. शेवटी त्याने तो सुकाणूच्या शेजारी ठोकला. मचवा पाण्यात गेला तेव्हा दुसऱ्या बंदरांतले लोक त्याला गोधडी म्हणून हसले. रंभाबायने त्याचं तेच नाव ठेवलं. गोधडी जरा पाणी आत घ्यायची, पण रंभाबायच्या दोन्ही मुलींची लग्नं होऊन त्यांची मुलं मोठी होईपर्यंत ती चालली, असं सांगतात.

खरं किती, खोटं किती, मला विचारू नका. आता फायबरच्या होड्याही आल्यात. त्यांना फळ्या लागत नाहीत, तरी आजही कोंडवेळची होडी पाण्यात जाते ती सुकाणूशेजारी पाट बसवूनच. त्यावर कोणी बसत नाही, कोणी जाळं ठेवत नाही. आणि आजही पौषात डोंगराकडचा वारा सुटला की वाडीतल्या बायका किनाऱ्यावर येऊन उभ्या राहतात. आपल्या घरची होडी आधी लागली, तरी शेवटची होडी येईपर्यंत एकही बाई घरी वळत नाही.