शास्त्रीबुवांचं वाकडं नाक

दरबारी चितारी भिवबाने धुंडिराजशास्त्र्यांचं चित्र काढलं आणि नाक होतं तसंच वाकडं ठेवलं. शास्त्री भडकले. "शास्त्रात नाक पोपटाच्या चोचीसारखं सांगितलंय! महाराज, याचे कुंचले मोडा!"

भिवबा म्हणाला, "शास्त्राबरहुकूम दुसरं काढतो. निवाडा शास्त्रीणबाई करतील."

आठ दिवसांनी त्याने ते देखणं चित्र शास्त्र्यांच्या दारात उभं केलं आणि महाराजांसकट सगळे भिंतीआड दडले. शास्त्रीणबाई आल्या, दचकल्या, डोक्यावर पदर ओढून आत पळाल्या. "अहो, कुणी परके गृहस्थ आलेत!"

भिवबाने झटकन वाकड्या नाकाचं चित्र ठेवलं. बाई पुन्हा डोकावल्या आणि पदर कमरेला खोचून कडाडल्या, "उभे काय राहिलात? घागर रिकामी आहे!"

महाराजांना हसू आवरेना. भिवबाने हात जोडले. "शास्त्रीबुवा, कुंचले खुशाल मोडा. पण आधी पाणी भरा."