पंच्याला सात गाठी

आंबेखोल नावाच्या गावात एक भोळा जावई राहत होता. त्याचं सासर खरं तर चार कोसांवर, दुसऱ्या गावात. पण माणूस एकदा जावई म्हणून गाजला की स्वतःच्या गावातही जावईच राहतो. नाव त्याचं महिपती. गोठ्यात चार म्हशी, घरात बायको मालन आणि खांद्यावर कायम एक पांढरा पंचा.

महिपतीला दोनच गोष्टी येत. एक, गाठ मारणं. त्याने बांधलेली म्हैस आजवर सुटली नव्हती. सोडायची झाली तरी त्यालाच बोलवावं लागे. दुसरी, ऐकणं. कुणी काही सांगितलं की विसरायला नको म्हणून तो पंच्याच्या दशीला बारीकशी गाठ मारायचा आणि सांगितलं ते तसंच्या तसं करायचा. या दुसऱ्या गुणामुळे त्याचा संसार मोडायला आला होता.

झालं असं, की दिवाळीत मालनच्या वडिलांकडे बडे पाहुणे आले. वडील म्हणजे दिघे गुरुजी, घरचे अप्पा. ते जावयाला म्हणाले, "पाहुणे जेवेपर्यंत त्यांच्यासमोरून हलू नका." महिपती पाहुण्यांच्या ताटासमोर मांडी घालून बसला आणि खरोखरच हलला नाही. पापणीसुद्धा. पाहुणे दोन घास खाऊन उठले. त्याच संध्याकाळी अप्पांनी जाहीर केलं की मुलगी आता सासरी जाणार नाही.

मालनला मात्र नवरा हवा होता. तो भोळा आहे हे तिला लग्नाआधीच कळलं होतं आणि तिची काही तक्रार नव्हती.

अप्पांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. फळ्यावर जपानची चार बेटं त्यांनी डोळे मिटून काढली असती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं, तिथल्या चालीरीतींची एक वही भरली आणि दोन माणसांची तिकिटं काढली. सासूबाई म्हणाल्या, "मला शिजलेलं लागतं. मी येत नाही."

मालनने संधी साधली. "अप्पा, ह्यांना न्या. आठ दिवसांत तुमची मान खाली गेली नाही, तर मी बॅग भरून सासरी जाणार."

अप्पांना सामान उचलायला कुणीतरी हवंच होतं. ते कबूल झाले. निघताना मालनने नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, अप्पा सांगतील तेवढंच करा. आपल्या डोक्याने काही म्हणजे काही करू नका." तिचे डोळे भरले होते. महिपतीचेही भरले. त्याने पंच्याला गाठ मारली. ही पहिली.

जपानात ते आधी डोंगरातल्या एका जुन्या गावी उतरले. उतारावर काळ्या लाकडाची घरं, मधून दगडी वाट, कडेने खळखळणारा पाट. मुक्काम एका जुन्या सराईत. ऐंशी वर्षांची मालकीण दारात गुडघे टेकून स्वागताला बसली होती. महिपती तिला वळसा घालून दोन पायऱ्या चढला आणि थेट गवती चटईवर जाऊन उभा राहिला. आंबेखोलची लाल माती चटईवर छान उमटली.

"जावईबापू! बूट!" अप्पा ओरडले. "पायरी चढण्याआधी पायातलं काढायचं, हा इथला नियम आहे. विसरू नका."

विसरतोय कसला? महिपतीने गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायला बस आली. बसला पायरी होती. महिपतीने रस्त्यावर बूट काढले, सराईत पाहिले होते तसे टाचा जुळवून नीट मांडले आणि वर चढला. बस निघाली. अप्पांचं लक्ष गेलं तेव्हा दोन घाट मागे पडले होते.

"बूट कुठायत?"

"पायरीपाशी."

अप्पांनी खिडकीबाहेर पाहत मनातल्या मनात काही अंक मोजले. मग म्हणाले, "अहो, काढलेली वस्तू अशी सोडून जायची नसते. जे जे काढलं ते ते उचलून बरोबर घ्यायचं!"

तिसरी गाठ. गावात महिपतीच्या मापाचे बूट मिळाले नाहीत, लाकडी खडावा मिळाल्या. पुढचे सगळे दिवस तो खटखट करत हिंडला.

संध्याकाळी मालनचा फोन आला. "आज काय केलंत?"

"अप्पा सांगतात तसंच."

"मग अप्पा गप्प का?"

"माझ्या पायांकडे बघतायत."

तिसऱ्या दिवशी ते गरम पाण्याच्या कुंडावर गेले. उघड्यावर दगडी कुंड, वाफ, भोवती देवदार, आणि पाण्यात गळ्यापर्यंत बसलेले सात-आठ म्हातारे, डोळे मिटून. इथे अंगावर सूतही ठेवायचं नाही, हे अप्पांनी वहीत वाचून आधीच सांगितलं होतं. महिपतीने सगळं काढलं. अप्पांनीही काढलं. ते पुढे होऊन पाण्यात बसले, त्यांनी डोळे मिटले आणि चौतीस वर्षांच्या खडूच्या धुळीचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं.

मग धपकन काहीतरी पडलं. डोळे उघडले तर समोर महिपती. छातीशी कपड्यांचं गाठोडं, त्यावर खडावा. त्याचे कपडे, अप्पांचे कपडे, अप्पांच्या सदऱ्याच्या खिशातली वही, जे जे काढलं ते ते. शाई सुटली. कुंडाचा एक कोपरा निळा झाला. म्हातारे एकामागून एक उठले आणि निघून गेले.

अप्पा पंचा नेसून मुक्कामी परतले. तोही महिपतीचा, आणि ओला.

"गरम पाण्यात असलं काही घालतात?" ते थरथरत होते, थोडे थंडीने आणि बरेचसे संतापाने. "गरम पाण्यात जे काही जाईल ते आधी साबण लावून, घासून, स्वच्छ धुतलेलं असलं पाहिजे!"

महिपतीने सासऱ्यांच्या कमरेचा पंचा जरा पुढे ओढून चौथी गाठ मारली.

चौथ्या दिवशी क्योतो. देवळांमागून देवळं पाहून झाल्यावर अप्पा त्याला एका जुन्या भोजनघरात घेऊन गेले. तिथे सोयाबीनच्या दुधाचं पांढरंशुभ्र पनीर मिळतं, टोफू म्हणतात त्याला. मेजावरच मातीच्या भांड्यात पाणी उकळत असतं. टोफू, अळंबी, पाला आपल्या हाताने त्यात सोडायचा आणि खायचा. अप्पा बागेतला दगडी दिवा पाहायला उठले. भांड्यातल्या पाण्याला उकळी आली. ते गरम पाणी आहे, हे महिपतीच्या ध्यानात आलं.

तो ताट घेऊन हात धुवायच्या जागी गेला. टोफू घासताना फार जपावं लागलं. अळंबीला त्याने खालूनही साबण लावला.

अप्पा परत आले, तर भांड्यावर दाट पांढरा फेस. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. "चव सूक्ष्म आहे," ते म्हणाले. "आपल्या तिखट जिभेला कळायची नाही." दुसरा घासही घेतला. तिसऱ्या घासाला तोंडातून बुडबुडा आला.

त्यानंतर अप्पा बराच वेळ चुळा भरत होते. मधून मधून बोलत होते. "खाण्याचं जे हातात येईल, ते मुकाट्याने खायचं! धुवायचं नाही, विचारायचं नाही, बघायचं नाही. खायचं!"

पाचवी.

मग नारा. या गावात हरणं रस्त्यावर मोकळी हिंडतात, आणि बिस्किट मिळावं म्हणून माणसासमोर मान वाकवतात. अप्पांनी हरणांसाठी केलेल्या बिस्किटांची चवड घेतली, महिपतीच्या हातात दिली आणि ते फोटो काढायला मागे सरले. हरणांनी माना वाकवल्या. महिपती मुकाट्याने खाऊ लागला. बिस्किटं कोंड्याची होती, नुसत्या कोंड्याची. तरी त्याने विचारलं नाही. हरणं आणखी वाकली. एकाने पंचा धरून ओढला. दहावं बिस्किट घशात अडकलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण मालनचा चेहरा आठवून त्याने तेही उतरवलं.

"अहो, ती हरणांची!" अप्पा धावत आले. आता त्यांचा आवाज बसला होता. "जो समोर येऊन वाकेल त्याच्या तोंडात बिस्किट द्यायचं. इतकं सोपं आहे. वाकला की बिस्किट!"

सहावी गाठ पडली. अप्पांनी दुसरी चवड घेतली. आणि काय सांगावं, महिपतीने एकाही हरणाला चुकवलं नाही. अप्पांना आश्चर्य वाटलं. बक्षीस म्हणून त्यांनी त्याला आणखी दोन चवडी घेऊन दिल्या. संध्याकाळी ते मालनला फोनवर म्हणाले, "आज बरं गेलं. उरलेले दिवस असेच गेले, तर जा खुशाल सासरी."

मालनने त्याच दिवशी बॅग भरायला घेतली. पुढचे दोन दिवस खरंच सुरळीत गेले, कारण अप्पांना ताप होता आणि कुठे जाणंच झालं नाही.

आठव्या दिवशी परतीचा प्रवास. वाटेत ते त्याच डोंगरातल्या सराईत निरोप घ्यायला थांबले. म्हातारी मालकीण ठेवणीतला किमोनो नेसून दारात आली. चटईवर पडलेले ते लाल ठसे तिने विषय न काढता पुसले होते. अप्पांनी तिच्यासाठी जपानीतली आभाराची पाच वाक्यं पाठ केली होती. तिने गुडघे टेकले, दोन्ही हात चटईवर ठेवले आणि खोल वाकली.

अप्पांनी पहिल्या वाक्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात महिपतीने तिच्या तोंडाशी बिस्किट धरलं.

म्हातारीने बिस्किटाकडे पाहिलं. मग महिपतीकडे. तिकडची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. तिने एक तुकडा तोडला, सावकाश चावला, गिळला आणि आभार मानायला पुन्हा वाकली. महिपतीने दुसरं बिस्किट दिलं. आतून तिचा मुलगा आला, वाकला. सून आली. आचारी आला. अकराव्या बिस्किटाला अप्पांनी जावयाचा हात धरला आणि त्याला बाहेर काढलं. पाच वाक्यं तशीच राहिली.

बसथांब्याच्या वर एक लहानसं देऊळ होतं. बसला अवकाश होता. अप्पा थोडे शांत व्हावेत म्हणून देवाकडे वळले. तिथे भविष्याच्या चिठ्ठ्या काढतात. अप्पांनी काढली, शुभ निघाली. महिपतीने काढली, महाअशुभ.

त्याचा चेहरा पडला. कितीही झालं तरी अप्पा शिक्षक होते. समजावणं त्यांच्याने टाळवलं नाही. "घाबरू नका. चांगलं असेल ते घरी न्यायचं. वाईट असेल ते घरी न्यायचं नाही, इथेच बांधून जायचं." त्यांनी शेजारचं लाकडी मखर दाखवलं. दोन खांब, मध्ये दोऱ्या, दोऱ्यांना शेकडो चिठ्ठ्या. महिपतीने आपली चिठ्ठी बांधली, म्हशीच्या गाठीने. देवळाच्या पुजाऱ्याने गाठ निरखली आणि कौतुकाने मान हलवली. पंच्याला सातवी गाठ पडली.

अप्पांनी पायरीवर बसून मालनला फोन लावला. "पोरी, ऐक. हा माणूस वाईट. तुझ्या जन्माला लागलेली वाईट गोष्ट आहे ही. घरी न्यायच्या लायकीचा नाही." फोन ठेवून ते बॅगा ओढत खाली थांब्यावर गेले.

महिपती मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

बसला पाच मिनिटं उरली तरी जावई येईना. अप्पा धापा टाकत पुन्हा वर चढले. चिठ्ठ्यांच्या रांगेत, डाव्या खांबाला, महिपती उभा होता. कमरेभोवती पंचा, गाठ पक्की. गालांवरून पाणी वाहत होतं.

"हे काय?"

"वाईट घरी न्यायचं नाही, अप्पा. तुम्ही या आता. मालनला सांगा, तांबडी म्हैस डाव्या अंगाला बसलं तरच दूध देते."

अप्पांनी गाठ ओढली. ती ढिम्म हलली नाही. खिशातला फोन वाजला. मालन रडत होती. "अप्पा, तुम्ही मघाशी बोललात ते त्यांनी ऐकलं तर नाही ना? ते खरं मानतील! त्यांच्याशिवाय मी घरात पाऊल ठेवायची नाही."

अप्पांचा जीव कासावीस झाला. चौतीस वर्षांत इतका आज्ञाधारक विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता, आणि त्याचं काय करावं हे कळत नव्हतं. ते दुसऱ्या खांबाला पाठ टेकून मटकन खाली बसले. "माझं चुकलं, जावईबापू. तुम्ही चांगले आहात. वाईट मीच."

महिपतीने डोळे पुसले. "नक्की?"

"देवासमोर सांगतो. माझ्याइतका वाईट माणूस नाही. सुटा आता, बस येईल." एवढं बोलून त्यांनी दम खायला डोळे मिटले.

महिपतीने गाठीचं एक टोक ओढलं. पंचा सुटला. ती युक्ती त्याला एकट्यालाच ठाऊक होती.

बस ठरल्या मिनिटाला आली. महिपतीने पायरीपाशी खडावा काढल्या, हातात घेतल्या आणि वर चढला. ड्रायव्हर वाकला. महिपतीने त्याला शेवटचं बिस्किट दिलं. आज काहीच चुकलं नव्हतं. वरून देवळाच्या बाजूने कुणाच्या तरी हाका येत होत्या, पण त्या मराठीत होत्या, आणि बांधलेली चिठ्ठी तिथलं कुणी सोडत नाही.

त्याचा फोन वाजला.

"अहो, निघालात का?"

"निघालो. तू बॅग भर. मी वाईट नाही, असं अप्पांनी देवासमोर सांगितलं."

मालनला हुंदका आवरेना. "द्या बरं त्यांना फोन."

"ते नाहीत इथे. वाईट ते निघाले. देवळात बांधून आलोय."

पलीकडे हुंदका थांबला. मग अगदी बारीक आवाजात मालन म्हणाली, "बांधून म्हणजे?"

"तू काळजी करू नको," महिपती मायेने म्हणाला. "गाठ मी मारली आहे. सुटायचे नाहीत."