सगुणाचं तिसरं आधण

एकदा काय झालं, सगुणा नावाची एक मुलगी होती. धीट होती, पण हट्टी. आपल्या या शेवंतासारखी. हसतेस काय गं? पाय आत घे पांघरुणात.

तर सगुणानं नदीकाठी स्वतःचं गुऱ्हाळ काढलं. ऊस आणला, जमिनीत मोठी चूल, म्हणजे चुलवाण खणलं, त्याच्यावर रस आटवायची छोटीशी काहील ठेवली. लोक म्हणाले, "अगं, डोंगरापलीकडच्या गावात धोंडाक्का आहे. जन्म गेला तिचा गूळ करण्यात. तिला विचार तरी." सगुणानं नाक उडवलं. "विचारायला गेले तर माझं गुऱ्हाळ कसलं?"

आता तिथल्या डोंगरात राहायचा एक राक्षस, बरं का. नव्या गुऱ्हाळाचा धूर दिसला की तो उठायचा. धप् धप् करत आला आणि म्हणाला, "तीनदा काहील चढव. तीन आधणं. तिसऱ्यापर्यंत गूळ जमला तर गूळ खाईन. नाही जमला तर तुला खाईन. आणि दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर दोघांना!"

मग सगुणानं पहिलं आधण चढवलं. रस उकळला, फेस वर आला. करपला तर? घाईघाईनं काहील उतरवली. झालं काय, नुसती पातळ काकवी! राक्षस दारात दात कोरत बसला होता.

मग दुसरं आधण. आता पातळच राहिला तर? म्हणून तिनं चुलवाणात उसाच्या वाळक्या चिपाडांवर चिपाडं कोंबली. जाळ असा भडकला की रस काळाठिक्कर. "एकच राहिलं," राक्षस म्हणाला आणि जरा जवळ सरकला.

अगं बाई गं! गेला सगळा तोरा. डोंगराला वळसा घालून पळत सुटली ती थेट धोंडाक्काच्या दारात. "आक्का, चुकले मी. आधीच यायला हवं होतं."

आक्का रागावली असेल? छे! म्हणाली, "माझंही पहिलं आधण करपलं होतं, पोरी. चल."

मग तिसरं आधण चढलं. आक्का शेजारी बसली, हात पदराखाली घेऊन. राक्षसाचं सगळं लक्ष त्या हातांवर. फेस वर आला. सगुणा चिपाडं उचलणार, तोच आक्का म्हणाली, "कशाला घालतेस?"

"भीती वाटते म्हणून."

"मग चिपाड रसाला हवंय की तुझ्या भीतीला? हात मांडीवर ठेव. ऐक."

समोर राक्षस, आणि हात मांडीवर! किती अवघड ते. आधी रस खळखळ बोलला, मग फदफद. सगुणा रडकुंडीला आली. "आक्का, झाला का गं?"

"मला काय विचारतेस? पाण्याला विचार."

मग तिनं रसाचा थेंब गार पाण्यात टाकला. विरघळला. राक्षस उभा राहिला. दुसरा टाकला. मऊ पडला. राक्षसानं तोंड उघडलं. तिसरा टाकला, त्याची घट्ट गोळी झाली. तिनं ती दगडावर मारली. टण्!

"झाला!" सगुणा स्वतःच ओरडली.

मग गूळ थंड झाला, ढेप झाली. राक्षसानं ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि डुलत डुलत गेला डोंगरात झोपायला.

सगुणा आक्काच्या पाया पडली. "तुला काय देऊ गं?"

"मला काही नको. पुन्हा कुठं नवा धूर निघाला, की तू जाऊन बस."

पुढच्या साली नदीपलीकडे म्हाळू नावाच्या पोरानं गुऱ्हाळ काढलं. धूर निघाला. डोंगर हलला. सगुणाची स्वतःची काहील चुलवाणावर होती, बरं का. पण तिनं जाळ ओढून घेतला, नदी उतरली आणि त्यानं बोलवायच्या आधीच शेजारी जाऊन बसली. हात पदराखाली. म्हाळूचाही गूळ जमला. राक्षस जेवला, दोन्ही गुऱ्हाळं चालली, सगळे सुखानं राहिले.

झालं. आता का कुशी बदलतेस शेवंते? झोपलाय गं तो राक्षस. हात पोटावर ठेव. मी बसलेय ना शेजारी.